चोरचोळी

"ओटी पसरा मावशी," ती बाई म्हणाली, आणि मी पसरली. विचार न करता. कुणी ओटी पसर म्हटलं की बाईचे हात आपसूक पदराकडं जातात. समोरून तांदूळ येतील, खोबऱ्याची वाटी येईल, हळकुंड-सुपारी येईल, एवढंच त्या हातांना ठाऊक असतं. माझ्या पदरात आधी पडलं ते माझ्या लेकीचं, ऋतुजाचं मंगळसूत्र. मग बांगड्या. मग कानातली फुलं, त्यांच्या फिरक्या वेगळ्या. नाकातली चमकी निघेना, तेव्हा त्या बाईनं बोटाला साबणाची ओल लावून ती हळूहळू फिरवून काढली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर अयोध्या असं नाव होतं. "आता जोडवी," ती म्हणाली. "जोडवी पण?" मी विचारलं. "जोडवी पण मावशी. आतलं यंत्र म्हंजी एवढं मोठं लोहचुंबक हाय. मागं एकीच्या केसातली पिन अशी सुर्रकन गेली, तिलाच कळंना कुठं गेली." ऋतुजा खाली वाकून जोडवी ओढत होती. "चांदीला चुंबक ओढत नाही," ती वाकूनच म्हणाली. "ते कोर्टात सांगा वकीलमॅडम," अयोध्या हसली, "हितं सगळं उतरवायचं." मग तिचं लक्ष लेकीच्या गळ्यातल्या दोऱ्याकडं गेलं. "आन् ह्यात काय हाय?" ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "देव हाय." "देव हाय ते खरं," अयोध्या आवाज खाली आणून म्हणाली, आणि त्यात चेष्टा नव्हती, "पण लोखंडाचा हाय का दगडाचा, ते मी कसं सांगू आत? काढा बाई." आम्हा लिंगवंतांत लिंग जन्मल्यावर गळ्यात बांधतात, ते माणसासोबत मातीत जातं. ऋतुजानं चांदीची डबी कपाळाला लावली आणि ओटीत नाही टाकली, माझ्या तळहातावर ठेवली. डबी तिच्या अंगानं कोमट झालेली होती. मग निळा अंगरखा घातलेली माझी लेक, कान मोकळे, नाक मोकळं, गळा मोकळा, त्या जाड दाराआड गेली आणि दार बंद झालं.

लातूरच्या त्या तपासणी केंद्राच्या तळघरात लोखंडी खुर्च्यांची रांग होती आणि मी तिच्या टोकाला लेकीचं सगळं सौभाग्य मांडीवर घेऊन बसले. शिवशंकरराव, माझे जावई, रक्ताचे जुने रिपोर्ट घरी राहिले म्हणून आणायला गेले होते. समोर एक बाई गुडघ्याला पट्टा बांधून बसली होती. तिची नजर माझ्या पदरात गेली, तिथं थांबली, मग माझ्या तोंडाकडं आली आणि खाली वळली. तिनं आपलं मंगळसूत्र नकळत मुठीत धरलं. मला कळलं तिनं काय ठरवलं ते. बाईच्या अंगावरून हे सगळं एकदम कधी उतरतं ते कुणाला शिकवावं लागत नाही. म्हातारी बाई, पदरात जोडवी-बांगड्या, डोळे कोरडे, दवाखान्याचं तळघर. एकेक गोष्ट खरी होती आणि त्यातून त्या बाईनं काढलेली गोष्ट साफ खोटी होती. तिला हाक मारून सांगावं असं मला वाटलं, की नाही हो, तसं काही नाही, माझा जावई धडधाकट हाय, आत्ता येईल. पण तोंड उघडेना. कारण गेल्या आठवड्यात मी जे केलं ते याहून वेगळं काय होतं?

आत यंत्र सुरू झालं. ठक ठक ठक, मग घर्रर्र, मग पुन्हा ठक. माझी लेक त्या आवाजात निजलेली होती, हलायचं नाही असं तिला बजावलेलं. लहानपणी तिला निजवताना मी हेच म्हणायची, हलू नको ग, हलू नको. नांदेडला आमचं घर विष्णुपुरीच्या रस्त्यावर, अप्पांचं, म्हणजे माझ्या मालकांचं, बियाण्याचं दुकान खाली आणि आम्ही वर. रात्रंदिवस ट्रक जायचे आणि ती दचकून उठायची. मी तिच्या छातीवर हात ठेवायची, तर हाताखाली ही डबी लागायची. एवढ्याशा छातीवर एवढी मोठी डबी. मोठी झाल्यावर ती पूजा करायची थांबली, पण डबी काढली नाही. "अव्वा, मी मानते का न्हाई ते मला माहीत न्हाई, पण ही नसली की मला गार लागतं," असं एकदा म्हणाली होती.  आपला नेम आपण करावा, दुसऱ्याचा मोजू नये. माझा नेम आहे तो आहे. सकाळी आंघोळ, भस्म, मग डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसायचं; ते होईपर्यंत बोलायचं नाही आणि पाण्याचा घोट घ्यायचा नाही. सासुरवाशीण होते तेव्हापासूनचा हा नेम आजारपणातही मोडला नाही. आज मात्र पहाटेच केंद्रातून फोन आला, पहिला नंबर रिकामा झालाय, लगेच या. मी आंघोळ करून तशीच निघाले. तोंडात पाणी नाही, घसा वाळलेला, आणि हातात माझं नव्हे तर लेकीचं लिंग.

मठात एकदा प्रवचनाला आलेले महाराज म्हणाले होते की लिंग या शब्दाचा अर्थच मुळी खूण. डोंगरावर धूर दिसला तर धूर हे अग्नीचं लिंग, असं जुने शास्त्री म्हणत. आग दिसत नाही, खूण दिसते. तुम्ही खूण हातात घेऊन बसता आणि ज्याची खूण आहे त्याला ओळखायला बघता, एवढीच पूजा. मला ते फार आवडलं होतं. घरी येऊन माहेरी आलेल्या ऋतुजाला सांगितलं तर ती हातातला वाटाणा सोलायचं थांबवून म्हणाली, "अव्वा, आम्ही पण दिवसभर हेच करतो की." तिच्याकडं तेव्हा कडब्याच्या गंजीचं प्रकरण चालू होतं. औशाकडच्या कुणा शेतकऱ्याची गंज जळली होती आणि शेजाऱ्यावर आळ होता. ऋतुजा त्या शेजाऱ्याची वकील. "काडी ओढताना कुणीच बघितलं न्हाई. पण आदल्या दिवशी बांधावरनं भांडण झालतं, ह्याच्या पँटीला रॉकेलचा वास होता, आणि हा पळताना दिसला. ह्याला परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात." मी म्हणाले, "मग त्यानंच लावली की." ती हसली. "गंज पेटली की सगळेच पळतात अव्वा. आन् त्याच्या घरात स्टोव्ह हाय." मग वाटाणे बाजूला सारून तिनं मला समजावून सांगितलं, जसं मी तिला पाढे सांगायची तसं. एकेक गोष्ट कडीसारखी. कडीत कडी बसली पाहिजे, मध्ये कुठं फट नको. आणि शेवटी दुसरं कुठलंच कारण उरता कामा नये. एक जरी दुसरं कारण उरलं तरी सोडून द्यायचं. "आणि सगळ्यात आधी," ती म्हणाली, "धूर हाय का धुकं, ते बघायचं. लांबून सारखंच दिसतं." मला तेव्हा वाटलं, केवढी हुशार झाली माझी पोर.

मी लातूरला आले ती तिचं डोकं दुखून राहिलं म्हणून. फोनवर सारखी तेच सांगायची, डोकं दुखून राहिलं अव्वा, काही करू वाटेना. अप्पा म्हणाले, जाऊन ये, मी करून खातो चार दिवस. आले, तिच्या घरात माझा देव्हारा एका फळीवर मांडला आणि कामाला लागले. तिच्याकडं धुण्याचं यंत्र आहे, पण ब्लाउज मी हातानंच धुते, यंत्रात त्यांचे हूक मोडतात. पाणी दिवसाआड येतं, तेव्हा ते आलं की मी मोरीत बसायची. त्या दिवशी तिचा कोर्टाचा पांढरा ब्लाउज हातात आला आणि साबण लावायच्या आधी बोटाला काहीतरी कडक लागलं. आतून, दोन्ही बाजूंना, जिथं लागू नये तिथं. कांजी सुकल्यासारखी दोन गोल चकत्या. मी ब्लाउज नाकाशी नेला. मोरीतल्या त्या ओल्या उजेडात पुन्हा नेला. हा वास मी विसरले नव्हते. दोन लेकरांना पाजलेली बाई तो वास विसरत नाही. डोकं विसरलं तरी छाती विसरत नाही. तो दुधाचा वास होता.

ऋतुजाचं लग्न होऊन वर्षं उलटली होती, लेकरू नव्हतं. उदगीरला तिच्या सासरी वास्तुशांतीला गेले होते तेव्हा माझ्या विहीणबाई, उमादेवी, चार बायांत मला दाखवत म्हणाल्या होत्या, "बघा ईनबाई, दारचा शेवगा बी धरला औंदा." मी शेवग्याकडं बघितलं आणि म्हणाले, हाव, लई लागल्यात शेंगा. त्यांचं बोलणं असंच. धान्याच्या आडतीवर वाढलेली बाई, वजन करून बोलायची सवय नाही. ऋतुजा त्या वेळी स्वयंपाकघरात होती, पण तिच्या हातातल्या भांड्याचा आवाज थांबला तो मला ऐकू आला. त्या आवाजाचं थांबणं मी कितीतरी दिवस नांदेडला बरोबर घेऊन फिरले. म्हणून त्या मोरीत, तो ब्लाउज नाकाशी धरून, मी रडले. मग मी शोधायला लागले. शोधायला म्हणजे काय, दिसायला लागलं. आमच्यात लिंगवंत बाईला विटाळ मानत नाहीत, ती बाजूला बसत नाही, त्यामुळं तसं कळायला वाट नव्हती. पण न्हाणीघरातल्या कपाटात पॅडचं पाकीट होतं, न फोडलेलं, आणि त्याच्यावर पावडरीचा थर बसला होता. जेवणावर तिचं मन नव्हतं. दुपारी कोर्टातून आली की पडून राहायची. डोकं दुखतंय म्हणायची. तर माझंही दुखायचं थोरल्या लेकाच्या वेळी. कडीत कडी बसत गेली. एकच बसेना. पोट दिसत नाही, तीन महिन्यांच्या वर असेल असं वाटत नाही, मग दूध इतक्या आधी कसं? ही कडी सैल होती, मला ते कळलंही होतं. पण मी ती अंगठ्यानं दाबून बसवली. माझ्या एका आतेबहिणीला आधीच आलं होतं असं कुणीतरी म्हणाल्याचं मी आठवून काढलं. खरंच कुणी म्हणालं होतं का, ते आता सांगता येत नाही. आनंद झाला की माणूस साक्षीदार तयार करतो.

तिला विचारलं का नाही, असं कुणी म्हणेल. आमच्याकडं असं विचारत नाहीत. त्यासाठी रीत आहे. तिसऱ्या महिन्यात, अजून चारचौघांत सांगायचं नसतं तेव्हा, आईनं लेकीला गुपचूप हिरवी चोळी द्यायची. चोरचोळी. देणारी बोलत नाही, घेणारी बोलत नाही, आणि चोळी सगळं सांगून टाकते. मी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन हिरवा खण आणला, काठाला बारीक पिवळी रेघ असलेला. आणि आणायच्या आधी उदगीरला फोन लावला. मी काही सांगितलं नाही. देवाशपथ, एक शब्द सांगितला नाही. फक्त विचारलं, "ईनबाई, तुमच्यात ती तिसऱ्याची चोळी हिरवीच लागते, का पिवळी चालते?"  मग उमादेवींचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता असा, आतून ओला. "हिरवी," त्या म्हणाल्या. "हिरवीच आणा यव्वा." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी उदगीरला चार घरी सांगितलं असेल. मी असते तरी सांगितलं असतं.

सोमवारी संध्याकाळी दिवा लावला आणि ऋतुजाला पाटावर बसवलं. कुंकू लावलं. ती कंटाळलेली होती, पण माझ्या देवाधर्माच्या वेळी ती कधी नाही म्हणत नाही. मी तांदूळ घातले, नारळ घातला, आणि मग तो खण तिच्या ओटीत ठेवला. ती कितीतरी वेळ खणाकडं बघत राहिली. तिला रीत माहीत होती. तिच्या नणंदेला देताना तिनंच धरला होता दिवा. "अव्वा," ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" "सांगायला कोण पाहिजे. दिसतं की." "काय दिसतं?" मी तिच्या ब्लाउजकडं नुसतं बघितलं. तिचा हात आपोआप छातीवर गेला, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायला पाहिजे होतं ते आलं नाही. लाज आली नाही, हसू आलं नाही. तिनं तांदळाचा एक दाणा उचलला, खाली ठेवला. मग अगदी हळू, मला लागू नये म्हणून जितकं हळू बोलता येईल तितकं हळू, ती म्हणाली, "अव्वा, हे धुकं हाय ग."

मग तिनं सगळं सांगितलं. पाळी कधीची बंद होती. तपासणी केली ती दोनदा, तिथं काही नव्हतं. मग दूध यायला लागलं आणि ती घाबरली. रक्तात कसलंसं प्रमाण फार वर गेलं होतं. मेंदूच्या बुडाशी एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती दुधाची आज्ञा देते, आणि त्या ग्रंथीत बहुतेक काहीतरी वाढलं होतं. आत काय आहे ते बघायला यंत्राची तारीख घेतली होती. शिवशंकररावांना माहीत होतं. मला सांगणारच होती, तपासणी झाल्यावर. "गाठ?" मी विचारलं. "बघू दे आधी," ती म्हणाली. मी तिथंच बसून राहिले, हातात कुंकवाची कोयरी. माझ्या प्रत्येक खुणेला तिच्याजवळ दुसरं कारण होतं. पाकीट न फोडलेलं: खरं. डोकं दुखणं: खरं. दूध: खरं. दूध खरंखुरं होतं, लेकराला पाजलं असतं तर लेकरू धरलं असतं, असं. फक्त ज्याच्यासाठी ते येतं तोच नव्हता. मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं, तर तिनं खण परत दिला नाही याचं. घडी घालून तो कपाटात ठेवताना ती म्हणाली, "रंग छान आणलास."

ठक ठक थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. तेवढ्यात जिन्यावरून पावलं वाजली. मी ओळखलं, वहाणा अशा आपटत एकच बाई चालते. उमादेवी खाली आल्या. खांद्याला पिशवी, हातात झाकणाची बादली, आणि घामानं भस्म ओघळलेलं. मी उठायला गेले तर पदरातलं सगळं किणकिणलं, म्हणून तशीच बसले. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरून राहिलं होतं, की मी काही सांगितलं नव्हतं हो, मी फक्त रंग विचारला होता. त्या समोर उभ्या राहिल्या, पदराकडं बघितलं, दाराकडं बघितलं. "शरणार्थी," त्या म्हणाल्या, आमच्यातला नमस्कार. "शरणार्थी," मी म्हणाले. "शिव्यानं सांगितलं सकाळी फोनवर," त्या शेजारच्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "मी निघालेच हुते. लाडू करून घेतले हुते डिंकाचे. आता केल्यात तर केल्यात." बादली त्यांनी पायाशी ठेवली. आत ठक ठक चालूच होतं. "आमच्या डाळमिलीसारखा आवाज हाय," त्या म्हणाल्या. "तिला सवय हाय. लगीन होऊन आली तवा आठ दिस झोपली न्हवती त्या मिलीपायी." मग माझ्याकडं वळून, "तुमचं तोंड काहून असं वाळलंय? पाणी न्हाई घेतलं?" मी मान हलवली. "पूजा न्हाई झाली," मी म्हणाले. "मग आता ह्ये यंत्र कवा थांबायचं, रिपोर्ट कवा यायचा, डागदर कवा बोलायचा. तवर तशाच बसणार?" त्यांनी इकडं तिकडं बघितलं. कोपऱ्यात पाण्याच्या यंत्रामागं थोडी जागा होती, पुसलेली. "चला," त्या म्हणाल्या, "उठा. ते मांडीवरचं माझ्या पदरात घाला."

माझ्या लेकीच्या बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र मी त्यांच्या ओटीत घातलं. त्यांनी ते पदराला गाठ मारून कमरेला खोचलं, आणि लुगड्याचा उरलेला पदर दोन्ही हातांनी पसरून त्या माझ्यापुढं आडोसा धरून उभ्या राहिल्या. मी भिंतीकडं तोंड करून खाली बसले. पत्री नव्हती, फूल नव्हतं, उदबत्ती नव्हती. त्यांनी पाठमोऱ्याच हात मागं करून बाटली दिली. डाव्या तळव्यावर मी माझं लिंग घेतलं आणि शेजारी, पदराच्या टोकावर, तिचं ठेवलं. दुसऱ्याच्या लिंगाची पूजा करू नये म्हणतात, मी केली नाही, नुसतं जवळ ठेवलं. नेहमी पूजेला बसले की मन एका जागी येतं. आज येईना. त्या काळ्या गुळगुळीत गोळ्यात आतला दिवा दिसायचा मला रोज, आज त्यात ट्यूबलाइटची एक पांढरी रेघ दिसत होती आणि माझा वाकडा चेहरा. मी काय मागू ते मला ठरवता येईना. त्या दिवशी मोरीत मी उपकार मानले होते, तोंड भरून, एका खोट्या गोष्टीसाठी. देवानं ते ऐकून घेतलं असेल, आणि त्याला माहीत असेल, आणि तरी तो काही बोलला नसेल, जसा खणाबद्दल ऋतुजानं बोल लावला नाही. मी मागितलं नाही. म्हणाले, तिला गार लागत असेल आत, तेवढं बघ. पाण्याचे थेंब सोडले, तीर्थ घेतलं. बाहेरून कुणीतरी विचारलं, "काय चाललंय मावशी तिथं?" आणि उमादेवींचा आवाज आला, "चक्कर आली हाय ईनबाईला, लुगडं सोडून बसल्यात. बाप्याचं काय काम हाय?" पावलं लगेच लांब गेली. मला त्या अवस्थेतही हसू आलं.

ऋतुजा बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर यंत्राच्या उशीचा वळ होता. सासूला बघून ती दारातच थांबली. उमादेवींनी कमरेची गाठ सोडली. "ये," त्या म्हणाल्या, "आधी पाय पुढं कर." आणि खुर्चीत बसलेल्या सुनेपुढं ती जाडजूड बाई गुडघ्यावर बसून जोडवी चढवायला लागली. ऋतुजा पाय मागं ओढत होती, "अत्ती, राहू द्या, मी घालते," आणि त्या म्हणत होत्या, "गप बस, तुला वाकायचं न्हाई. डोस्क्यात रगत उतरंल." मी डबी तिच्या गळ्यात बांधली. तिनं डोळे मिटून घेतले, तेवढंच.

डॉक्टरांकडं आम्ही सगळेच गेलो. शिवशंकरराव रिपोर्ट घेऊन आले होते. डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळं. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनानं एक ठिकाण दाखवलं. मला तिथं पांढऱ्यात थोडंसं करडं दिसलं, आभाळात असतं तसं. "ही गाठ," ते म्हणाले, "लहान आहे. रक्तात जे आलं आणि चित्रात जे दिसतंय ते दोन्ही जुळतं. बहुतेक साधीच आहे, पसरणारी नाही." "बहुतेक म्हणजे?" ऋतुजानं विचारलं. तिचा कोर्टातला आवाज होता तो. "म्हणजे कापून न बघता जेवढं म्हणता येतं तेवढं. कापायची गरज वाटत नाही. गोळ्या देतो. गोळ्यांनी दूध थांबलं, प्रमाण खाली आलं, गाठ आकसली, की मग आपण म्हणू की तीच होती." "म्हणजे उत्तरावरून प्रश्न," ती म्हणाली. डॉक्टर हसले. उमादेवी एवढा वेळ पुढं वाकून फिल्मकडं बघत होत्या. "किती मोठी हाय सायेब?" "चारेक मिलिमीटर." "तसं नगा सांगू. तुरीएवढी का मुगाएवढी?" डॉक्टरांनी थोडा विचार केला. "मुगाएवढी." "मग बारकीच हाय," उमादेवी आम्हा सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, जशी काही तपासणी आत्ता पुरी झाली. "मूग म्हंजी काय." आणि मग मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, ते बाहेर पडलं. "आणि पुढं लेकरू?"  डॉक्टर म्हणाले, "पाळी सुरू होते बऱ्याच जणींची, मग होतातही मुलं. पण आज मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही." शिवशंकरराव खिडकीकडं बघत होते. ऋतुजा माझा हात धरून होती. माझा तिनं, का तिचा मी, ते कळत नव्हतं.

बाहेर औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर आम्ही तिघी बसलो. ऊन उतरलं होतं पण पायऱ्या तापलेल्या होत्या. उमादेवींनी बादलीचं झाकण काढलं आणि एकेक लाडू दिला. "बाळंतिणीचं न्हाई म्हणून काय झालं, डिंक हाडाला चांगला असतो," त्या म्हणाल्या. ऋतुजानं लाडू हातात धरला. "अत्ती," ती म्हणाली, "तिकडं तुम्ही सांगितलंय ना सगळ्यांना?" मी लाडू खाली ठेवला. हेच एवढा वेळ माझ्या पोटात होतं. लेकीची गाठ मुगाएवढी होती. उदगीरच्या चार घरांतल्या बाया उद्या तिच्याकडं ज्या नजरेनं बघतील, तिला माप नव्हतं. नुसतं मूल नाही ते वेगळं. आहे म्हणून सांगितलेलं नाही, ते वेगळं. "अत्ती, माझ्या आईनं मुद्दाम न्हाई..." ऋतुजा म्हणायला लागली, तर उमादेवींनी हात वर केला. पिशवीतून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि लावला. जावेला, मोठ्या घरच्या जावेला. तिला सांगितलं की उदगीरला वेगळं कुणाला सांगावं लागत नाही.

"हा, मी बोलून राहिले," त्या म्हणाल्या. "लातूरलाच हाय. अगं त्ये मी सांगितलं न्हाई का परवा, सूनबाईचं. तसं काय न्हाई बरं का. माझ्याच ऐकण्यात चूक झाली. ईनबाई बोलल्या येगळंच आन् मी ऐकलं येगळंच. कानच गेल्यात माझं हल्ली... न्हाई, न्हाई, त्यांनी काय बी सांगितलं न्हवतं. त्या कशाला सांगत्यात. मीच भैरी." पलीकडून काहीतरी बोलणं आलं. उमादेवी थांबल्या. त्यांनी एकदा ऋतुजाकडं बघितलं, मग रस्त्याकडं. "काय?" त्या म्हणाल्या. "काय म्हणलीस? ऐकू येत न्हाई." पलीकडचा आवाज वाढला, तेच पुन्हा म्हणाला. "आँ? मोठ्यानं बोल ग, हितं गाड्याच लई हायत." पुन्हा तेच आलं, आणखी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. "न्हाई बाई," उमादेवी म्हणाल्या, "कायच कळंना," आणि फोन बंद करून पिशवीत टाकला. रस्त्यावर तेव्हा एकही गाडी नव्हती. मी पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, आणि लेकीच्या कुशीला बोल लावणारा जावेचा शब्द न् शब्द मला तिथपर्यंत ऐकू आला होता. "खा ग," त्या ऋतुजाला म्हणाल्या, "हातात धरून काय बसलीस." ऋतुजानं लाडू फोडला.